एकोणचाळीस सेकंद

किसुमूत, बसस्टँडमागच्या फोटोच्या दुकानात
ओडेरा शिकवतो: आधी फोल्डर कर,
नाव दे, तारीख घाल,
मगच कात्रीला हात लाव.

पहिलं काम दफनाचं. अकरा तासांचं चित्रण,
घरच्यांना हवंय पाऊण तासात.
पाद्री निम्मा केला. आमदाराचं भाषण उडवलं,
तेव्हा ओडेरा पहिल्यांदा हसला.
तळ्यावरचा वारा माइकमध्ये फडफडत होता,
त्याला जरा खाली बसवलं.
तंबूमागे मासे तळणाऱ्या पोरी ठेवल्या,
का, ते मला सांगता आलं नाही.

मग अडोंगो, त्याची बायको. माइक धरून म्हणते,
"तो…"
आणि एकोणचाळीस सेकंद काहीच नाही.
आवाजाची रेघ सपाट,
मध्येच एक कोंबडा.

"पोकळी आहे, मिटव."
मिटवते.
"तो चांगला होता."
वाक्य जुळतं. सांधा शोधूनही सापडत नाही.
बाई मात्र खोटं बोलल्यासारखी दिसते.

कंट्रोल झेड.
सेकंद परत येतात, सगळे एकदम,
कोंबड्यासकट.

ओडेरा घड्याळ बघतो. अजून नऊ तास कापायचेत.
"कोंबड्याचा आवाज कमी करू?"
खुर्ची ओढून तो शेजारी बसतो.
"राहू दे. त्यांचाच असेल."