दलदल, पातळी सातवी

रात्री दीड. चारकोप, सेक्टर आठ.
आम्ही चौघं दलदलीत उतरलो:
नांदेडचा ढालवाला, दोन धनुर्धर,
आणि मी, औषधवाली.
हिरवं पाणी गुडघ्यापर्यंत,
दर पावलाला जीव दोन-दोनने कमी.

मागे बाबा, पाणी प्यायला उठलेले.
“झाडं खोटी आहेत गं.
तिवराची मुळं चिखलातून वर येतात, श्वास घ्यायला.
आणि निवट्या कुठायत?”

हेडफोनमध्ये ढालवाला ओरडतोय,
“हील दे, हील!”
मी वळून विचारलं,
तुम्ही कुठे पकडायचात?

त्यांनी हातातल्या पेल्यानंच फरशी दाखवली.
“इथंच.
कपाटापाशी जरा खोल होतं.”

नांदेडचा मेला.
मी पाय उचलून
खुर्चीवर घेतले.