कोरे चौकोन

टोलीडो, ओहायो. चौथा मजला, सुनावणीची खोली.
न्यायाधीशबाईंच्या डोक्यावर एक ट्यूबलाइट फडफडतेय
आणि ती फडफड फक्त मला दिसतेय.

आज मी बरी आहे.
बरी आहे म्हणून येऊ शकले.
येऊ शकले, म्हणजे बरीच असणार.
या फटीत माझा अर्ज सव्वीस महिने अडकलाय.

एकोणीस वर्षं मी काचा तपासल्या.
गाड्यांच्या पुढच्या काचा, पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या,
मागून पांढरा, निर्दय उजेड.
केसाएवढा तडा, टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा,
मी बोट ठेवायची, काच बाजूला व्हायची.
एके दिवशी धडधाकट काचेवर बोट ठेवलं.
तडा होता हो, शपथेवर सांगते,
करवतीच्या दात्यांसारखा, चमचमणारा.
पुढच्या काचेवरही होता, तिच्या पुढचीवरही,
आणि धावत आलेल्या फोरमन शिमान्स्कीच्या कपाळावरही.

अर्धशिशी. नावातच अर्धं.
पगार मात्र पुरता गेला.

फोनवर एक तज्ज्ञ आहेत, मिस्टर ओगल्व्ही.
त्यांनी मला पाहिलेलं नाही.
समजा, न्यायाधीशबाई म्हणतात, एक व्यक्ती आहे,
वय अठ्ठेचाळीस, दहा पौंड उचलू शकते,
प्रखर उजेड नको, गोंगाट नको. काम मिळेल?
मिळेल. बदाम-अक्रोड निवडायचं. पाकिटांवर पत्ते घालायचं.
समजा, ती महिन्यातून चार दिवस आलीच नाही?
फोनमध्ये कागद उलटल्याचा आवाज.
मग नाही. कुठेच नाही.

त्या समजा-बाईकडे मी बघत राहते.
तिला नवरा आहे का? तिचे केस कोण धुतं?

वकीलबाईंनी बजावलं होतं, नोंद ठेवा,
नोंद नाही तर दुखणं नाही.
म्हणून हे कॅलेंडर, गळ-आमिषाच्या दुकानातलं,
दर महिन्याला एक मासा.
‘मंगळवार. डावीकडून. दहा ते रात्री.’
‘शुक्रवार. दोनदा उलटी. ड्वेननं सूप केलं, वासानं परत.’

न्यायाधीशबाई चष्मा सरकवतात.
मार्चमध्ये अकरा नोंदी. वीस चौकोन कोरे.
त्या दिवशी तुम्ही ठीक होता?

मी मान हलवते.
तोंडानं उत्तर द्या, रेकॉर्डिंगला मान ऐकू येत नाही.

कसं सांगू, बाई,
लिहिता आलं ते दुखणं लहान होतं.
कोऱ्यात मी न्हाणीच्या फरशीला गाल लावून पडलेले,
दाराच्या फटीला टॉवेल,
ड्वेन घरात मोज्यांवर चालायचा,
चमचा सिंकमध्ये ठेवायचा तो झोपलेलं बाळ ठेवावं तसा.
पेन सात पावलांवर होतं. सात.

पण सगळे कोरे तसे नाहीत, खोटं बोलणार नाही.
पाच-सहा खरंच कोरे.
एकदा आम्ही नदीवर गेलो, मी दोन सँडविच खाल्ली,
आणि परतताना गाडीत मीच गाणं लावलं.
त्यातला कुठला कोणता, आता मलाही कळत नाही.
एक सोडून.
सतरा तारीख. रस्त्यावरून मिरवणूक, ढोल, हिरव्या टोप्या,
आणि प्रत्येक ढोल माझ्या डाव्या डोळ्याच्या मागे.

मी उठते. कॅलेंडर त्यांच्याकडे वळवते.
मार्चचा मासा डोळे वटारून.
सतराच्या चौकोनावर बोट ठेवते, 
काचेवर ठेवायची तसं.
इथे.

त्या वाकून बघतात.
स्वच्छ पांढरा कागद.
वर ट्यूबलाइट.