शेरा

पुण्याच्या मॅडमनी फॉर्मवर लिहिलं,
मला उलटं वाचता येतं :
कॉन्फिडन्स कमी.

रात्रीच्या एसटीत तो शब्द
टेंभुर्णीपर्यंत शेजारच्या सीटवर होता.
मोहोळला खिडकीतून टाकून दिला,
तर अशोक चौकात माझ्याआधी उतरलेला.

घरी अम्मा सूप मांडीवर घेऊन, पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून
कात्री चालवत होती.
काय झालं, विचारलं नाही.
मी पंख्याखाली शब्द उलटेपालटे करत पडले.

विश्वास बसतो, मग उडतो. चिमणी असावी.
धीर सुटतो.
हिंमत बांधायची असते, खात्री पटायची असते,
भरवसा ठेवायचा असतो,
कुठे ठेवायचा ते कुणी सांगत नाही.
आणि कॉन्फिडन्स येतो-जातो,
कॉर्पोरेशनच्या पाण्यासारखा,
पाच दिवसांआड, तोही रात्री दोनला.

"अम्मा, कॉन्फिडन्सला आपल्यात काय म्हणतात?"
"ते काय असतंय?"
"म्हणजे, आपल्याला जमेल असं वाटणं."
"जमतंय तर वाटायला कशाला पायजे?"
दारातून महानंदाक्का म्हणाल्या, "आमच्यात नंबिगी म्हणतात."
"मग नम्मकम म्हण की," अम्मा म्हणाली, 
"पण ते दुसऱ्यावर असतंय.
स्वतःवर कोण ठेवतंय?"
आणि दोरा दातानं तोडला.

सकाळी कारखान्यात तिच्याबरोबर गेले.
चेकरनं कट्टा सोडला, दोन विड्या बोटांनी दाबल्या,
तीन कट्टे छाट म्हणून बाजूला फेकले.
पंचाहत्तर विड्या.
माझ्याच घशात काहीतरी अडकलं.
तिनं ते ओंजळीनं गोळा केले, पदरात घेतले,
उन्हात आली, चप्पल शोधली.
कोपऱ्यावर उसाचा रस घेतला, एकात दोन.
अर्धा ग्लास झाल्यावर म्हणाली,
"विडी बरोबर हाय.
त्याचं डोकं दुखत असंल."

मॅडमचंही दुखत असेल का, हे मी विचारलं नाही.
तेव्हा विचारायला हवं होतं.

आज पाचवा दिवस.
अम्मानं संध्याकाळीच पिंप घासून पालथं घातलंय,
कळशा, बादल्या, माझा जुना डबासुद्धा.
दोन वाजले. सव्वादोन.
नळानं नुसती हवा सोडली, खोकला,
गप्प झाला.

मी म्हटलं, नाही येत आज.
तिनं कळशी नळाखाली सरकवली.