पाण्याचा दिवस

पाणी आज आलं. आता येईल पाचव्या दिवशी,
आणि ते दोघं येतात उद्या रात्री.
हे गणित फोनवर सांगितलं तर
सत्तव्वा अक्का तिकडे बोल्टनमध्ये बसून हसली,
"पोशव्वा, अजून तसंच का गं?"
तसंच. म्हणून पहाटेच भरून घेतला
त्यांचा निळा पिंप, दोन बादल्या,
आणि तो पितळी हंडा, ज्यावर तिच्या सासूचं नाव आहे
आणि नावातलं एक अक्षर घासून घासून गेलंय.

किल्ली माझ्याकडे सतरा वर्षं.
कुलूप तेल घातल्याशिवाय ऐकत नाही.
आत शिरलं की आधी वास येतो, कोंडलेल्या सुताचा,
मग पाल दिसते, मग त्यांचं लग्न.
फोटोत भूमय्या बावा उभे, कान केवढे,
आणि शेजारी आमचा इलय्या,
कुणी न बोलावता मधेच घुसलेला.

दुपारी सूप मांडीवर घेतलं.
पानं रात्रीची भिजलेली, कात्री, दोरा.
विमान कितीला सुटतं मला ठाऊक नाही,
अक्का एवढंच म्हणाली, आमच्या सकाळी निघू, तुझ्या दुपारी.
म्हणजे माझा पहिला कट्टा वळून झाला
तेव्हा बावा वजनकाट्यावर उभे असतील, बॅग छातीशी धरून,
आणि अक्का वाकून आकडा वाचत असेल,
बॅगेतून नवऱ्याला वजा करत.
चौथ्या कट्ट्याला ती परत आत गेली असेल,
गॅस बंद केला का बघायला.
सहाव्याला बावा टॅक्सीवाल्याला विचारत असतील,
गाडी बाळीवेशीवरून नेतोस का म्हणून.

पुरे हे असतील-असतील.
मंगळवारी काय झालं ते सांगते.
अक्काच्या हातातून फोन बावांनी घेतला.
आवाज हा एवढा. मागावर जन्म गेलेला माणूस
हळू बोलणार कसा?
"पोशव्वा, निघूलालो बघ आम्ही.
इलय्याला सांग, कानाच्या मशीनचे सेल घेतलेत,
आठ पाकिटं.
आता ऐकू येत नाही म्हणायचं नाही बे त्यानं."

इलय्याला जाऊन दोन वर्षं झाली.
तेव्हा हेच बावा फोनवर पोरासारखे रडले होते
आणि मीच त्यांना गप्प केलं होतं.

मागे अक्का काही बोलली नाही.
तिच्या त्या न बोलण्यावरून कळलं,
हल्ली दिवसातून कितीदा तिला
असं न बोलता राहावं लागत असेल.
मी म्हटलं, "सांगते बावा."

आता वळता वळता विचार करते, सांगू काय.
रात्रपाळीला गेलाय म्हणावं,
तर भद्रावती पेठेत रात्रपाळी उरलीय कुठं?
कारखान्याच्या जागी मंगल कार्यालय झालंय,
तिथं रात्री फक्त बँड वाजतो.
अक्कलकोटला गेलाय म्हणावं, तर बावा चप्पल घालतील.
खोटं बोलायलासुद्धा गाव जागेवर असावं लागतं.

आणि खरं सांगितलं,
तर ते आज नव्यानं रडतील, आणि परवा परत नव्यानं.
माझं एकदाच झालंय. तेवढं पुरे होतं.

आठ पाकिटं. वाया नाही जायची.
या गल्लीत साठीपुढचे सगळे बहिरे,
एकाला चहा विचारला की
तीन घरांतून "काय?" येतं.
शिवाय इलय्याचं मशीन अजून आहे,
सुपारीच्या डबीत, कापसात.
बावांनी सेल दिले की एक घालून बघीन,
काय शीळ घालायचं ते मेलं, ताटावर बसला की.

बावीस कट्टे झाले. ते आता ढगात कुठंतरी.
अक्काला खिडकीची जागा मिळाली का कोण जाणे,
बावांचा हात धरून बसली असेल,
उठून उतरायला निघू नयेत म्हणून.

अगं बाई, माठ.
एवढं सगळं भरलं आणि माठ राहिला.
अक्काला फ्रिजचं पाणी चालत नाही.