पंपरूमच्या मागे

ऐरोलीत, खाडीकडच्या शेवटच्या रांगेत
वारा कापड मधून फाडत नाही,
कडेने खातो.
काठीपासून लांबची बाजू आधी,
उंदराने भाकरी कुरतडावी तशी,
वीतभर, मग आणखी दोन बोटं.

नऊ वर्षं सोसायटीचा झेंडा माझ्याकडे यायचा
फॉल-बिडिंगच्या साड्यांबरोबर,
पिशवीवर चिठ्ठी: प्रमिलाताई, अर्जंट, चौदा तारखेच्या आत.
मी सुटलेले दोरे आत दुमडायचे,
वरून दुहेरी टीप.
दरवेळी तो बोटभर आखूड व्हायचा.
कुणाच्या लक्षात आलं नाही.

टिपणीस काकांच्या आलं.
नौदलात वायरलेसवर जन्म गेलेला माणूस,
माझाच टेप घेऊन माझ्याच टेबलाशी बसला.
लांबी. रुंदी. मग चष्मा काढून:
"तीनास दोन राहिला नाही हा. आता पुरे."

हे "पुरे" मी आधी ऐकलं होतं,
गेल्या चैत्रात, काकूंच्या आयसीयूबाहेर,
डॉक्टरांना सांगताना.
आवाज तोच.

रविवारी पहाटे पाचला, पंपरूमच्या मागे.
नियम असा की खाजगीत, आणि सबंध.
तुकडे करायचे नाहीत, फोटो काढायचा नाही.
मला वाटलेलं, काका दोन शब्द बोलतील.
त्यांनी फक्त बुटांना पॉलिश केलं होतं.
हिरू मढवी मोटार बंद करून आला,
"आवाज नको ना, ताई,"
आणि नवं घमेलं आणलं, सिमेंट न लागलेलं,
स्वतःच्या पैशाचं.

आम्ही टोकं धरली.
केशरी आणि हिरवा पांढऱ्याखाली,
चक्र वर दिसेल अशी घडी.
दिवसाला तीस साड्या घडी करते मी,
तेव्हा हात असे घाबरत नाहीत.

खादी भसकन पेटत नाही.
पिवळी पडते, थोडा विचार करते,
मग वातीसारखी कडेकडून जाते.
वाऱ्याने खाल्ली तशीच.

तेवढ्यात टॉर्च. पालिकेची जीप, पावतीपुस्तक,
छातीवर पाटी: र. ठोंबरे.
"उघड्यावर कचरा जाळताय? दंड माहितीये ना?"
काका वळलेच नाहीत.
हिरू म्हणाला, "सायेब, कचरा नाय."
टॉर्च घमेल्यात गेला
आणि विझला.

पुलावरून एक ट्रक मुलुंडकडे गेला.
खाली चिखलात टिटवी ओरडत होती.
ठोंबरे जीपकडे निघाला, म्हटलं, आता पावती फाटणार.
परत आला तो केळेवाल्याची पिशवी घेऊन,
आत चुरगळलेला एक,
केशरी उन्हाने पार ताकासारखा.
"वॉर्ड ऑफिसच्या गच्चीवरचा. दोन वर्षं डिकीत फिरतोय.
घंटागाडीत टाकवेना,
आणि विचारायचं तरी कुणाला."

काका म्हणाले, "घडी चुकलीये."
उलगडून पुन्हा घातली,
त्याच्या हातांना जागा देत.

सहाला हिरूने मोटार लावली.
सात मजले पाणी चढू लागलं,
कुणाच्या तरी मोरीत नळ खोकला.

राख गार झाल्यावर मी बोट फिरवलं.
कापड सगळं गेलेलं, पिठासारखं मऊ.
माझी टीप तेवढी उरली होती.
दोरा पॉलिस्टरचा, स्टेशनबाहेरचा, अठरा रुपये रीळ,
तो राख होत नाही,
वितळून मोहरीएवढे काळे मणी झाले होते,
जवळजवळ एका ओळीत.
माझी नऊ वर्षं, अगदी मोजता येतील अशी.

काका म्हणाले, खाडीत सोडू.
हिरू म्हणाला, सुकती आहे, चिखलातच राहील.
मग कुंपणाजवळ उंडीखाली हातभर खड्डा.
नियम सबंधचा आहे, म्हणून मणीही वेचले,
एकही नखात ठेवला नाही.

नवा झेंडा आलाय. कड आधीच पक्की करून दे, म्हणाले.
या वेळी सुती दोरा घेतला.
लवकर तुटेल.
चालेल.