कुशीवर

बाविस्कर सरांनी फळ्यावर आधीच कवटी काढून ठेवली होती,
खाली दोन आडवी हाडं आणि मोठ्या अक्षरात: नको.
मी डस्टर मागितलं.
खडूची धूळ पंख्याखाली फिरत राहिली.
फेब्रुवारीतच चोपड्याचे पत्रे तापायला लागले होते.

म्हटलं, मी भंगाळे, बसस्टँडसमोरचं मेडिकल.
"माहीत शे," मागच्या बाकावरून कुणीतरी,
आणि हसू. बरं वाटलं.
हसणारी पोरं निदान ऐकत तरी असतात.

म्हटलं, नाही घेतलं तर सगळ्यात उत्तम.
हे एकदाच सांगतो, कारण खरं आहे
आणि पहिलीपासून तुम्ही ते ऐकताय.
उरलेला तास घेतलेल्या पोरांसाठी.
त्यांना सगळे फक्त शोधतात,
सापडल्यावर कुणी बोलत नाही.

सर खिडकीबाहेर बघू लागले.

मग मी नावं घेतली.
खोकल्याचं औषध.
झोपेची गोळी, जिला तुम्ही कुत्र्याचं नाव दिलंय.
पंक्चरचं सोल्युशन, रुमालात.
काट्यावर केळीचा घड ठेवल्यावर
काटा स्थिर होईपर्यंत सगळे गप्प असतात,
तसा वर्ग.

सिरपवर गोळी, गोळीवर दारू:
ही बेरीज नाही रे, गुणाकार आहे.
श्वास आपलं काम विसरतो.
घोरणं निराळं, घशातली घरघर निराळी.
ओठ जांभळे, हाक मारून उठत नाही,
तर झोपलाय म्हणून सोडून जाऊ नका.
लिंबू नको, मीठ नको, तोंडात काहीच नको.
एकशे आठ.
आणि डॉक्टरला खरं सांगा: काय, किती, कधी.

रुखसार तडवीनं हात वर केला. "आणि पोलीस?"
कैलाश बारेला बाकाखाली बघत म्हणाला,
"घर मालूम पडनं ते बाप मारी टाकी."

याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं.
म्हटलं, मारेल. पण मार खायलाही
पोरगा जिवंत लागतो.
आणि घरी सांगवत नसेल तर माझ्याकडे या.
दुकान बंद असलं तर शटर वाजवा,
मी वरच राहतो.

बाक सरकवले. सतरंजी टाकली.
कैलाश आडवा झाला, डोळे मिटून, जीभ बाहेर काढून.
त्यावरही हसले.
रुखसारनं त्याचा वरचा गुडघा वाकवला,
हात गालाखाली सरकवला,
तोंड जमिनीकडे कललं.
आता काही उलटून आलंच
तर बाहेर जाईल, आत नाही.
मग एकेक करून सगळ्यांनी सगळ्यांना वळवलं.
कुणी कुणाला एवढं हळू हात लावताना
या वर्गानं पाहिलं नसेल.

एक गोष्ट मी सांगितली नाही.
अकरा वर्षांपूर्वी, याच शाळेतला लोकेश.
तीन बाटल्या मागितल्या, मी दिल्या.
घरात तिघं खोकतायत का, एवढंही विचारलं नाही,
सुटे मात्र मागितले.
पाटचारीच्या काठावर तो सकाळी सापडला, उताणा.
सोबतचे दोघं पळून गेले, असं गाव म्हणतं.
पळाले नव्हते.
पन्नास पावलांवर, केळीच्या बागेत,
रात्रभर बसून होते,
तो उठेल म्हणून.
चांगली पोरं होती.
त्यांना फक्त कवटी माहीत होती.

घंटा झाली. पोरं गेली.
सतरंजीचं दुसरं टोक सरांनी धरलं,
झटकता झटकता विचारलं,
"डावी कुस की उजवी?"

कुठलीही, म्हटलं. उताणा नको.

घडी घालून झाली तरी टोक सोडेनात.
"आणि ते शटर," म्हणाले,
"रात्री दोनलाही वाजवलं तर?"

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.
वाजवा, म्हटलं.