बिल नाही

घणसोलीत रात्री अकराला
केदार मोबाईलवर माझं जीएसटी रिटर्न भरतो.
"मावशी, मालाची बिलं?"

दोऱ्याचं आहे. सुयांचं.
कुरिअरच्या पिशव्यांचं, चहा सांडलेलं.
"आणि लुगड्यांचं?"

लुगडी तळमजल्यावरच्या शेवंताबाईंची.
त्या गेल्यावर सुनेनं गाठोडं आणलं,
दारातच ठेवलं, बसली नाही.

बिल नाही तर वजावट नाही, केदार म्हणतो
आणि शून्य टाकतो.
टाक बाबा.

ॲपवर विकलेली गोधडी बंगळुरूला पोचली.
कमिशन कापलं, कमिशनवरचा कर कापला,
उरलं ते परवा जमा होईल.

एका पदरावर हळदीचा डाग होता, जाईना.
तो मी मधल्या थरात घातला,
त्यावर टाके जरा जवळ घेतले.